अर्धा श्वास

‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, एवढा इतिहास. ‘धरावे’ असा हुकूम होता आणि एका अक्षराच्या फेरफाराने त्याचे ‘मारावे’ झाले, ही आख्यायिका. ती खरी असो वा नसो, एका अक्षरात माणसाचा जीव असू शकतो ही गोष्ट तिने आपल्या मनावर कायमची कोरून ठेवली आहे. परंतु अक्षराहूनही लहान असे एक चिन्ह आहे. त्याला स्वतःचा उच्चार नाही, अर्थ नाही आणि शब्दकोशात जागा नाही. शाईचा एक थेंब पडून त्याला शेपूट फुटावे, एवढाच त्याचा देह. त्याचे नाव स्वल्पविराम. त्यानेही माणसे अडवली आहेत आणि माणसांना आत सोडले आहे. या लहानग्याचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते.

हा विषय मला सुचण्याचे कारण माझ्या पेशात आहे. मी शाळामास्तर. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. हल्ली तिला दहावी म्हणतात, पण आमच्या घरात अजून ‘मॅट्रिक’ हाच शब्द चालतो. कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक मला भाषेतला जाणकार समजतात आणि त्यामुळे ओळखीपाळखीची मुले कधीकधी वह्यापुस्तके घेऊन येतात. अलीकडे त्यांपैकी एकदोघांच्या हातांत अमेरिकेतल्या कॉलेजांच्या प्रवेशपरीक्षेची जाडजूड पुस्तके दिसू लागली. ती उघडून पाहिली तेव्हा मी थक्क झालो. पानेच्या पाने स्वल्पविरामाला वाहिलेली! एक वाक्य, खाली चार पर्याय. चारही पर्यायांत शब्द तेच, फरक फक्त विरामचिन्हांचा. यातला बरोबर कोणता ते ओळखा, आणि तेही मिनिटभरात. एवढ्याशा शेपटीवर कॉलेजचे दार उघडते की मिटते ते ठरते! हे कसे घडले, ते पाहू.

*

‘कॉमा’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ ‘कापलेला तुकडा’. प्रारंभी हे चिन्हाचे नाव नव्हतेच. वाक्याच्या लहान तुकड्याला ग्रीक लोक कॉमा म्हणत, त्याहून मोठ्या तुकड्याला कोलन आणि पूर्ण वाक्याला पीरियड. पुढे ही तीनही नावे तुकडे तोडणाऱ्या खुणांना चिकटली. आपल्याकडेही बांध घालणाऱ्याचे नाव शेताला पडते, त्यातलाच हा प्रकार.

त्या काळचे ग्रीक लिखाण पाहिले तर आपल्याला वाचता येणे कठीण. शब्दाला शब्द चिकटलेला, मध्ये जागा नाही, खूण नाही. मोडी वाचणाऱ्या जुन्या माणसांना मात्र याचे नवल वाटणार नाही. ख्रिस्तपूर्व २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या सुप्रसिद्ध ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनिस (नाटककार नव्हे, हा बायझँटियमचा) याने एक युक्ती काढली. ओळीत वेगवेगळ्या उंचीवर ठिपके द्यायचे. ठिपका किती उंचीवर आहे, त्यावरून वाचणाऱ्याने किती थांबायचे ते कळे. ही सोय डोळ्यांनी वाचणाऱ्यासाठी नव्हती. ग्रंथ मोठ्याने वाचले जात आणि मोठ्याने वाचणाऱ्याला दम घ्यावा लागतो. म्हणजे स्वल्पविरामाचा जन्म व्याकरणातून झालेला नाही. तो छातीतून झाला आहे. तो मुळात अर्धा श्वास आहे.

पुढे शेकडो वर्षे हे ठिपके कधी दिसत, कधी नाहीसे होत. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडण्याची रीत सातव्या-आठव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासी लेखनिकांनी रुजवली. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. परकी भाषा वाचणाऱ्याला खुणांची गरज अधिक, हे त्यांनी स्वानुभवाने ओळखले असावे. वाचकांनी हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

मग छापखाना आला. व्हेनिसचा मुद्रक आल्डस मानुशियस याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रीक आणि लॅटिन ग्रंथ सुबक छापण्याचा उद्योग मांडला. हस्तलिखितांत विरामासाठी जी तिरकी रेघ मारीत, ती त्याच्या छापखान्यात खाली सरकली, आखूड झाली, तिला बाक आला आणि आजचा स्वल्पविराम तयार झाला. अर्धविराम तर १४९६ मध्ये त्याने छापलेल्या एका लहानशा पुस्तकात प्रथम दिसतो. याच आल्डसच्या नातवाने १५६६ मध्ये विरामचिन्हांविषयी एक मत मांडले: या खुणांचे मुख्य काम वाक्याची रचना स्पष्ट करणे हे आहे. आजोबांनी चिन्ह घडवले, नातवाने त्याची नोकरी बदलली. श्वासाचा चाकर व्याकरणाच्या कचेरीत रुजू झाला.

तरीही दोन्ही धनी बराच काळ नांदले. १७९५ मध्ये लिंडले मरे या मूळच्या अमेरिकन पण इंग्लंडात स्थायिक झालेल्या गृहस्थाने इंग्रजीचे एक शालेय व्याकरण लिहिले. पुढची कित्येक दशके ते इंग्लंड-अमेरिकेत मुलांच्या हातांत होते. त्यात हिशेब असा, की स्वल्पविराम म्हणजे सर्वांत लहान थांबा. अर्धविराम त्याच्या दुप्पट. कोलन त्याच्या दुप्पट. आणि पूर्णविराम त्याच्याही दुप्पट. म्हणजे संगीतातल्या मात्राच झाल्या! पण त्याच पुस्तकात स्वल्पविराम कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये याच्या नियमांची लांबलचक यादीही होती, आणि ती श्वासावर नव्हे तर वाक्याच्या अवयवांवर आधारलेली होती. मुलाने थांबायचे श्वासाने आणि लिहायचे नियमाने. आजही पुष्कळ वर्गांत हाच गोंधळ चालू आहे.

*

आता आपल्या घराकडे वळू.

आपल्याकडे विराम नव्हता असे नाही. ज्या देशात वेद तोंडपाठ करून हजारो वर्षे टिकवले, पदपाठ करून एकेक पद सुटे काढले, छंदःशास्त्रात यतीची जागा ठरवून दिली, त्या देशाला थांबणे शिकवावे लागत नाही. पण आपला विराम जिभेवर होता, कागदावर नव्हता. पोथीत ओवी संपली की दंड, श्लोक संपला की दोन दंड. एवढ्यावर आपले भागत होते. मोडीत तर तेही नाही. आधी वरची रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे गुंफत जायचे. राज्याचा कारभार चालला, तह झाले, मोहिमा झाल्या, सावकारी झाली, सगळे स्वल्पविरामावाचून.

हे कसे जमले? माझ्या अल्पमतीने याचे उत्तर मराठी वाक्याच्या बांधणीत आहे. आपले क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ‘आला’, ‘गेला’, ‘करावे’, ‘पाठविले असे’ म्हटले की वाक्य संपल्याचे कळते. शिवाय ‘की’, ‘म्हणून’, ‘तर’, ‘तरी’, ‘जे-ते’, ‘जेव्हा-तेव्हा’ हे शब्द स्वतःच वाक्याचे सांधे दाखवतात. ‘उठून आवरून भाकरी बांधून तो शेतावर गेला’ या वाक्यात चार क्रिया आहेत आणि एकही स्वल्पविराम नसला तरी काही बिघडत नाही. ‘ऊन’ हा प्रत्ययच तेथे विरामाचे काम करतो. इंग्रजीला जे काम चिन्हाकडून करून घ्यावे लागते, ते मराठीने पुष्कळसे प्रत्ययांकडून आणि अव्ययांकडून करून घेतले.

पुढे इंग्रजी अंमल आला, छापील पुस्तके आली, आणि वाचणे मोठ्याने करण्याची गोष्ट न राहता एकट्याने मुकाट्याने करण्याची गोष्ट होऊ लागली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ चे. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात साहाय्य करणारे, मराठीचा ध्यास घेतलेले मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रीतसर आणली. शाळाखात्याची पुस्तके वर्षानुवर्षे कँडीसाहेबांच्या नजरेखालून जात. त्यांच्या वळणाच्या मराठीला पुढे पुष्कळांनी नावे ठेवली, पण त्यांच्या चिन्हांना कोणी परत पाठवले नाही. १८७४ च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. तिच्यातली ती लांब लांब, एकात एक गुंतलेली, डौलदार वाक्ये विरामचिन्हांच्या टेकूवाचून उभी राहिली असती असे मला वाटत नाही. परक्या चिन्हाने स्वभाषेचा अभिमान पेलला, हा इतिहासाचा विनोद म्हणावा काय?

आणि परीक्षा? मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८ जुलै १८५७ ला, आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. ती उतरणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. ‘मॅट्रिक्युलेशन’ या शब्दाचा अर्थच मुळी विद्यापीठाच्या पटावर नाव चढणे असा. म्हणजे ती शाळा सोडण्याची परीक्षा नव्हती, कॉलेजात शिरण्याची होती. त्या दारावर इंग्रजी बसली होती. ज्याच्या घरात इंग्रजीचा वारा नाही, ज्याने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला रात्री कंदिलाशी घोकली, त्या मुलाला परक्या भाषेत कोठे थांबायचे हे सांगणारे घरी कोणी नव्हते.

*

योगायोग पाहा. ज्या १८७४ साली पुण्यात ‘निबंधमाला’ निघाली, त्याच साली अमेरिकेत हार्वर्ड कॉलेजने प्रवेशपरीक्षेत प्रथमच इंग्रजी निबंध घातला. तोपर्यंत तेथे प्रवेशासाठी ग्रीक, लॅटिन आणि गणित यांचे राज्य होते. इंग्रजी काय, आईचीच भाषा. तिची परीक्षा कशाला, असा समज. अध्यक्ष चार्ल्स इलियट आणि प्राध्यापक ॲडम्स शर्मन हिल यांनी तो मोडला. शेक्सपियरची काही नाटके, गोल्डस्मिथ आणि स्कॉट यांची पुस्तके नेमली, त्यांपैकी एखाद्यावर लहानसा निबंध मागितला आणि अट घातली, की शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि मांडणी यांत तो निर्दोष असावा. वाचकहो, येथे स्वल्पविराम प्रथम त्या दारावर पहारेकरी म्हणून उभा राहिला. निकाल लागले तेव्हा हाहाकार झाला. उत्तमोत्तम शाळांतून आलेली, सुखवस्तू घरांतली, जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुले मोठ्या संख्येने नापास झाली. मातृभाषा येणे निराळे आणि ती लिहिता येणे निराळे, हे त्या श्रीमंत मुलखाला तेव्हा उमगले.

मग प्रत्येक कॉलेजची निराळी परीक्षा, निराळी पुस्तके, असा सावळा गोंधळ माजला. तो निस्तरण्यासाठी १९०० मध्ये कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड स्थापन झाले. जून १९०१ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली, उमेदवार ९७३. निबंध लिहायचे आणि तपासनिसांनी ते वाचायचे, अशी ती रीत. २३ जून १९२६ रोजी याच बोर्डाने एक निराळी, पर्याय निवडण्याची चाचणी प्रथम घेतली. तीच ‘एस.ए.टी.’. त्या दिवशी ८,०४० मुले बसली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि १९४२ मध्ये जुनी निबंधाची परीक्षा बंद पडली. ती पुन्हा पूर्वीच्या रूपात आलीच नाही. १९५९ मध्ये आयोवातून ‘ए.सी.टी.’ ही दुसरी परीक्षा सुरू झाली. तिच्या इंग्रजीच्या भागात उताऱ्यातले शब्द अधोरेखित करायचे आणि ते तसेच ठेवावेत की बदलावेत हे विचारायचे, अशी पद्धत होती. अनेक वर्षे तेथे ४५ मिनिटांत ७५ प्रश्न असत. २०२५ मध्ये ते ३५ मिनिटांत ५० झाले. एस.ए.टी. २०२३ मध्ये अमेरिकेबाहेर आणि २०२४ मध्ये अमेरिकेतही कागदावरून संगणकावर गेली.

म्हणजे अलेक्झांड्रियात श्वास होता, व्हेनिसमध्ये अर्थ झाला, हार्वर्डात शिस्त झाला आणि शेवटी चार पर्यायांतला एक गोल झाला. मुलाने स्वल्पविराम लिहायचा नाही, ओळखायचा!

*

ते नियम तरी कोणते? वाचकांनी घाबरू नये. मोजून पाच सांगतो. दोन स्वतंत्र वाक्ये नुसत्या स्वल्पविरामाने जोडू नयेत. सोबत उभयान्वयी अव्यय हवे. प्रारंभीचा प्रस्तावनेचा तुकडा संपला की विराम द्यावा. यादीतले शब्द विरामाने तोडावेत. कर्ता आणि क्रियापद यांच्या मध्ये एकटा विराम घुसवू नये. आणि जो मजकूर काढला तरी वाक्याचा मूळ अर्थ ढळत नाही, त्याला दोन्ही बाजूंनी विरामांचे कुंपण घालावे.

यातला शेवटचा नियम मला फार आवडतो. ‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज अ डॉक्टर’ हे वाक्य विरामांवाचून लिहिले तर मला आणखीही भाऊ आहेत आणि त्यांतला पुण्याचा डॉक्टर, असा अर्थ. ‘हू लिव्ह्ज इन पुणे’ याच्या दोन्ही बाजूंना विराम दिले की भाऊ एकच उरतो! दोन शेपट्यांनी घरातली माणसे कमी-जास्त होतात. आपल्या ‘पुण्याला राहणारा माझा भाऊ’ या वाक्याला हा चमत्कार साधत नाही.

उलट पहिल्या नियमाने मराठी मूल हमखास अडखळते. ‘नाव मोठे, लक्षण खोटे’. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’. आपल्या जिभेला हीच वाक्ये रुचतात. दोन वाक्ये, मध्ये अर्धा श्वास, की काम झाले. इंग्रजीत अशी जोडणी प्रवेशपरीक्षेत चूक ठरते. मुलाची बुद्धी तेथे कमी पडलेली नसते. त्याचा कान निराळ्या घरात घडलेला असतो.

आता कोणी म्हणेल, हा सारा काथ्याकूट कशासाठी? त्याला मी अमेरिकेच्या मेन राज्यातला एक खटला सांगतो. जादा वेळेच्या मजुरीतून कोणती कामे वगळावीत, याची तेथील कायद्यात यादी होती. यादीच्या शेवटी ‘पाठवणीसाठी बांधणी अथवा वितरण’ अशा अर्थाचे शब्द होते, आणि ‘अथवा’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे वितरण हे निराळे काम, की बांधणीच तेवढी वगळलेली, याचा उलगडा होईना. दूध पोचवणारे गाडीवाले म्हणाले, आम्ही बांधणी करीत नाही, तेव्हा आम्हांला जादा मजुरी हवी. मार्च २०१७ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरांवर तडजोड झाली. न लिहिलेल्या एका स्वल्पविरामाची ही किंमत!

*

तरी माझ्या मनाला टोचणारा प्रश्न पैशाचा नव्हे, न्यायाचा आहे. कॉलेजच्या दारावर असला पहारेकरी असावा काय?

नसावा, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मला पटते. ज्याच्या बापापाशी शिकवणीचे पैसे आहेत त्याला नियमांची घोकंपट्टी करता येते. ज्याच्यापाशी नाहीत तो कितीही विचारी असला तरी शेपटीशी अडतो. अमेरिकेतही हा वाद पेटला. २०२० च्या साथीत पुष्कळ कॉलेजांनी ही परीक्षा ऐच्छिक केली आणि कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाने तर प्रवेशासाठी ती पाहणेच सोडले. पण २०२४ मध्ये हार्वर्डने ती पुन्हा सक्तीची केली. १८७४ नंतर बरोबर दीडशे वर्षांनी तोच पहारेकरी त्याच दाराशी!

परंतु दुसरी बाजूही आहे, आणि शाळामास्तर म्हणून ती मला अधिक जवळची वाटते. समजा, नियम नाहीत. समजा, ‘जेथे सहज थांबावेसे वाटेल तेथे विराम द्या’ एवढेच सांगितले. हा उपदेश ऐकायला गोड आहे. पण ‘सहज’ कोणाला? ज्याच्या घरात ती भाषा पिढ्यानपिढ्या बोलली जाते त्याला. त्याचा श्वास आपोआप योग्य जागी पडतो. खेड्यातल्या पोरीचा श्वास मराठी जागी पडतो, आणि ती चूक ठरते. श्वास वारशाने मिळतो; नियम मात्र कोणालाही शिकता येतो. ज्या आयरिश लेखनिकांनी शब्दांत अंतर सोडले ते परक्या भाषेशी झगडत होते, हे मघाशी सांगितले ते याचसाठी. खुणा आणि नियम हा घरच्या माणसांचा थाट नव्हे. दारात उभ्या असलेल्या पाहुण्याची ती काठी आहे. मार्क देणाऱ्याच्या ‘शैली बरी वाटत नाही’ या शेऱ्याशी गरिबाच्या मुलाला झगडता येत नाही. ‘येथे उभयान्वयी अव्यय नाही’ या शेऱ्याशी येते. तो शेरा समजतो, सुधारता येतो, आणि दुसऱ्या खेपेस टाळताही येतो.

म्हणून माझे मुलांना सांगणे असते, की नियम पाठ करा. पण तो कशासाठी आहे हे विचारून पाठ करा. वाक्यातला कर्ता शोधा, क्रियापद शोधा, कोणता तुकडा काढला तर वाक्य उभे राहते ते बोटाने झाकून पाहा. पन्नास वाक्ये अशी झाकून पाहिली की एक्कावन्नाव्याला पुस्तकातला नियम आठवावा लागत नाही. मग तेच वाक्य मोठ्याने वाचा. नियमाने जेथे विराम दिला तेथे हळूहळू श्वासही पडू लागतो. परक्या भाषेत श्वास घेता येणे म्हणजेच ती भाषा येणे. दुसरी कसोटी मला ठाऊक नाही.

आणि एवढे झाल्यावर मराठीकडे परत या. कँडीसाहेबांनी दिलेली चिन्हे आपली झाली, ती ठेवावीत. पण इंग्रजीच्या परीक्षेसाठी शिकलेला नियम मराठी वाक्यावर लादू नये. ‘माझा भाऊ, जो पुण्याला राहतो, तो डॉक्टर आहे’ असली वाक्ये हल्ली मुलांच्याच काय, छापील मजकुरातही दिसतात; तेथे स्वल्पविराम दोन आणि मराठी शून्य असते. दोन घरांत राहणाऱ्याने दोन्ही घरांच्या रीती पाळाव्यात, यात कमीपणा नाही.

मॅट्रिकच्या परीक्षेने कितीकांना आत घेतले आणि कितीकांना बाहेर ठेवले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. बाहेर राहिलेल्यांतला मी एक. मला त्याचे दुःख नाही, कारण बाहेरही वाचता येते. पण आज जी मुले दाराशी उभी आहेत, त्यांना तो पहारेकरी कोण, कोठून आला आणि मुळात कोणाचा चाकर होता, एवढे तरी ठाऊक असावे. ओळख पटली की पहाऱ्याचे भय निम्मे होते. तो काही देव नव्हे, दैत्यही नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी मोठ्याने वाचणाऱ्या कोणा माणसाला दम लागू नये म्हणून ठेवलेला तो एक ठिपका आहे. आणि दम लागलेल्यांना थोडे थांबू देणे हेच त्याचे मूळचे काम.